द्विअक्षीय

द्विअक्षीय : दोन अक्षांनी युक्त असलेल्या अथवा दोन अक्षांच्या संदर्भात घडणाऱ्या वस्तूचे, गुणधर्माचे किंवा क्रियेचे वर्णन करणारे पारिभाषिक विशेषण. स्फटिकविज्ञान, खनिजविज्ञान, स्थापत्य व यांत्रिक अभियांत्रिकी, बहुवारिकांचे रसायनशास्त्र, भूगणित आणि शारीर ह्या विषयांत ते रूढ आहे. ह्या विशेषणातील ‘द्वि’ हा घटक सर्वत्र एकच संख्या सांगतो. ‘अक्ष’ हा घटक मात्र प्रत्येक शास्त्रात निराळ्या गोष्टीचा वाचक असतो. त्यामुळे एखादी वस्तू द्विअक्षीय आहे एवढ्या विधानावरून तिच्याविषयी फारसे काही कळत नाही. हे दोन अक्ष कशाचे, हे ठरल्यावरच विधानाला अर्थ येतो. एकच काचेची चकती एका शास्त्राच्या परिभाषेत द्विअक्षीय व दुसऱ्याच्या परिभाषेत एकाक्षीय असू शकते आणि दोन्ही विधाने खरी असतात.

शब्दाचे रूप व व्युत्पत्ती : ‘अक्ष’ ह्या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ रथाच्या किंवा गाडीच्या चाकाचा कणा, म्हणजे आस, असा आहे. चाक जिच्याभोवती फिरते ती रेषा, ह्या मूळ कल्पनेवरून पृथ्वीचा अक्ष, भोवऱ्याचा अक्ष इ. प्रयोग रूढ झाले. आधुनिक शास्त्रांत ह्या शब्दाचे तीन अर्थ प्रामुख्याने आढळतात : (१) जिच्याभोवती परिभ्रमण किंवा वाकण्याची क्रिया घडते ती रेषा, (२) एखाद्या आकृतीचे मोजमाप अथवा सममिती दर्शविणारी रेषा, (३) जिच्या अनुरोधाने एखादा गुणधर्म विशेष रीतीने प्रकट होतो किंवा लोप पावतो ती दिशा. ‘द्विअक्षीय’ ह्या विशेषणाच्या निरनिराळ्या शास्त्रांतील अर्थांचे मूळ ह्या तीन अर्थांत आहे.

संधिनियमांनुसार ‘द्वि’ व ‘अक्षीय’ ह्यांपासून ‘द्व्यक्षीय’ असे रूप सिद्ध होते. तथापि उच्चार व वाचन सुकर व्हावे म्हणून संधी न करता ‘द्विअक्षीय’ असेही लिहितात. ‘एकाक्षीय’ ह्या रूपात मात्र संधी नेहमीच केलेला असतो. खनिजांच्या वर्णनात ह्याच अर्थी ‘एकाक्ष’ व ‘द्व्यक्ष’ ही आटोपशीर रूपेही वापरली जातात.

स्फटिक प्रकाशकी : ह्या विशेषणाचा सर्वांत जुना व काटेकोर शास्त्रीय उपयोग स्फटिकांच्या प्रकाशीय गुणधर्मांच्या वर्णनात होतो. काच, पाणी अथवा सैंधव व हिरा ह्यांसारखे घनीय स्फटिक ह्यांत प्रकाशाचा वेग सर्व दिशांना सारखा असतो. अशा पदार्थांना समदिक् म्हणतात. इतर बहुतेक स्फटिकांत शिरणारा प्रकाश दोन भागांत विभागला जातो. हे दोन भाग परस्परांशी लंब असलेल्या प्रतलांत कंप पावतात व निरनिराळ्या वेगांनी जातात. ह्या आविष्काराला दुहेरी प्रणमन म्हणतात [⟶ ध्रुवण]. मात्र अशा स्फटिकातही एक किंवा दोन दिशा अशा असतात, की त्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशतरंगांच्या वेगांत फरक पडत नाही. अशा दिशेस प्रकाशीय अक्ष म्हणतात. ज्या स्फटिकात अशी एकच दिशा असते तो एकाक्षीय व ज्यात दोन असतात तो द्विअक्षीय होय.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, प्रकाशीय अक्ष म्हणजे स्फटिकातील एखादी ठरावीक रेषा नसून ती एक दिशा आहे. स्फटिकाच्या कोणत्याही बिंदूतून त्या दिशेला समांतर काढलेली प्रत्येक रेषा सारख्याच गुणाची असते. स्फटिक फोडला, तरी प्रत्येक तुकड्यात दोन्ही अक्ष कायम राहतात. दुसरी, हे अक्ष स्फटिकाच्या बाह्याकाराचे वर्णन करताना कल्पिलेल्या स्फटिकीय अक्षांहून भिन्न आहेत. समचतुर्भुजी स्फटिकाला परस्परांशी लंब असे तीन स्फटिकीय अक्ष असतात, तरी प्रकाशाच्या दृष्टीने तो द्विअक्षीय असतो.

प्रकाशीय अक्षांची संख्या स्फटिकाच्या सममितीवर अवलंबून असते. चतुष्कोणीय व षट्कोणी (त्रिकोणी धरून) समुदायांतील स्फटिक एकाक्षीय असतात, उदा., कॅल्साइट, क्वॉर्ट्‌झ, तोरमल्ली, झिर्कॉन. समचतुर्भुजी, एकनताक्ष व त्रिनताक्ष ह्या कमी सममितीच्या समुदायांतील स्फटिक द्विअक्षीय असतात, उदा., पुष्कराज, ॲरॅगोनाइट, अभ्रके, जिप्सम, फेल्स्पार खनिजे. एकाक्षीय स्फटिकाला दोन मुख्य प्रणमनांक (निर्वातातील प्रकाशवेगाला पदार्थातील प्रकाशवेगाने भागून येणाऱ्या संख्या) असतात. कॅल्साइटाच्या बाबतीत ते १·४८६ व १·६५८ असे आहेत. द्विअक्षीय स्फटिकाला तीन मुख्य प्रणमनांक असतात. जिप्समाच्या बाबतीत ते सु. १·५२१, १·५२३ व १·५३० आणि ॲरॅगोनाइटाच्या बाबतीत सु. १·५३०, १·६८० व १·६८५ असतात. म्हणजे ‘द्विअक्षीय’ ह्या शब्दातील दोन ही संख्या प्रणमनांकांची नव्हे.

तीन मुख्य प्रणमनांकांपासून दोनच अक्ष कसे निष्पन्न होतात, हे एका भौमितिक आकृतीवरून समजते. परस्परांशी लंब अशा तीन दिशांना तीन प्रणमनांकांच्या प्रमाणात लांबी घेऊन एक विवृत्ताभ (अंड्यासारखा, पण तिन्ही दिशांना निराळ्या मापाचा घनाकार) रचला, तर त्याच्या केंद्रातून घेतलेले बहुतेक छेद विवृत्ताकार म्हणजे लंबवर्तुळाकार असतात. फक्त दोनच छेद पूर्ण वर्तुळाकार मिळतात व दोहोंची त्रिज्या मधल्या प्रणमनांकाएवढी असते. ह्या दोन वर्तुळाकार छेदांना लंब असलेल्या दिशा म्हणजेच दोन प्रकाशीय अक्ष होत. त्यांच्यामधील लघुकोनाला प्रकाशाक्षीय कोन म्हणतात. मधला प्रणमनांक ज्या टोकाच्या प्रणमनांकाच्या जवळ असेल त्यावर हा कोन ठरतो. जिप्समाचा हा कोन सु. ५८° आहे, तर ॲरॅगोनाइटात मधला व महत्तम हे दोन प्रणमनांक जवळजवळ सारखे असल्याने तो सु. १८° इतकाच आहे. ते दोन तंतोतंत सारखे झाले असते, तर दोन्ही अक्ष एकमेकांत मिळून स्फटिक एकाक्षीय ठरला असता.

इतिहास : दुहेरी प्रणमनाचे पहिले वर्णन डेन्मार्कमधील एरॅस्मस बार्थोलिन (१६२५–९८) यांनी १६६९ मध्ये आइसलँड स्पार ह्या कॅल्साइटाच्या प्रकारावरून केले. क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी १६९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची उपपत्ती मांडली. पण ती एकाच अक्षाच्या स्फटिकांना लागू पडणारी होती. काही स्फटिकांत असे दोन अक्ष असतात आणि अक्षांच्या संख्येचा स्फटिकाच्या सममितीशी निश्चित संबंध असतो, हे स्कॉटिश शास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर (१७८१–१८६८) यांनी १८१८ मध्ये अनेक खनिजांच्या परीक्षणावरून दाखविले. फ्रेंच शास्त्रज्ञ ओग्यूस्तँ झां फ्रेनेल (१७८८–१८२७) यांनी लवकरच ह्या आविष्काराची तरंग सिद्धांतावर आधारलेली उपपत्ती दिली. एकाक्षीय स्फटिकातील दोन किरणांपैकी एक नेहमीच्या प्रणमन नियमांप्रमाणे वागतो; द्विअक्षीय स्फटिकात मात्र दोहोंपैकी एकही किरण तसा वागत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला व पुष्कराजावरील प्रयोगांनी त्याचा पडताळा पाहिला.

१८३२ मध्ये आयरिश गणितज्ञ सर विल्यम रोवान हॅमिल्टन (१८०५–६५) यांनी फ्रेनेल यांच्या समीकरणांवरून एक अनपेक्षित भाकित केले. द्विअक्षीय स्फटिकाच्या प्रकाशीय अक्षाच्या अनुरोधाने गेलेला एक बारीक किरण दोन किरणांत न विभागता पोकळ शंकूच्या रूपाने पसरावा, असे ते भाकित होते. हंफ्री लॉइड (१८००–८१) यांनी त्याच वर्षाअखेर ॲरॅगोनाइटाच्या स्फटिकावर प्रयोग करून ते खरे ठरविले. हा शंक्वाकार प्रणमनाचा आविष्कार फक्त द्विअक्षीय स्फटिकांतच घडू शकतो. केवळ गणितावरून वर्तविलेला आविष्कार नंतर प्रयोगाने सिद्ध झाल्याचे हे उदाहरण प्रकाशाच्या तरंग सिद्धांताला बळकटी आणणारे ठरले. सर चंद्रशेखर वेंकट रामन (१८८८–१९७०) व त्यांचे बंगलोर येथील सहकारी यांनी १९४१ मध्ये नॅप्थॅलिनाच्या स्फटिकांवर ह्या आविष्काराचा नव्याने अभ्यास केला. नॅप्थॅलिनाच्या प्रणमनांकांत मोठा फरक असल्याने त्यात तयार होणारा प्रकाशशंकू ॲरॅगोनाइटातील शंकूपेक्षा पुष्कळच रुंद असतो.

प्रकाश शोषणाऱ्या रंगीत द्विअक्षीय स्फटिकांत परिस्थिती अधिक गुंतागुंतीची असते. त्यांच्यात प्रत्येक प्रकाशीय अक्षाच्या जागी दोन दिशा निर्माण होतात व त्या दिशेने फक्त एकाच प्रकारचा वर्तुळ-ध्रुवित प्रकाश बदल न होता जाऊ शकतो. म्हणजे नावाने द्विअक्षीय असलेल्या अशा स्फटिकात वस्तुतः चार विशेष दिशा असतात. शिवरामकृष्णन पंचरत्नम् (१९३४–६९) यांनी बंगलोर येथील रामन संशोधन संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास अशा स्फटिकांवर मूलभूत स्वरूपाचे संशोधन केले. त्याच ओघात त्यांनी मांडलेली ध्रुवित प्रकाशाच्या प्रावस्थेविषयीची कल्पना पुढे भौतिकीच्या इतर शाखांतही महत्त्वाची ठरली.

निश्चिती व उपयोग : स्फटिक एकाक्षीय आहे की द्विअक्षीय, हे ध्रुवण सूक्ष्मदर्शकाने ठरविता येते. ध्रुवक व विश्लेषक परस्परांशी लंब ठेवून खनिजाच्या पातळ चकतीतून अभिसारी (एका बिंदूकडे झुकणारा) प्रकाश सोडल्यास व्यतिकरण आकृती दिसते. एकाक्षीय स्फटिकाच्या, अक्षाला लंब कापलेल्या चकतीत एक काळा क्रूस व त्याभोवती रंगीत वर्तुळे दिसतात. चकती फिरविली, तरी क्रूस अभंग राहतो. द्विअक्षीय स्फटिकात चकती फिरविताच क्रूस दुभंगतो व त्याचे दोन वक्र काळे पट्टे होतात. प्रत्येक पट्ट्याच्या बाकावर एकेका अक्षाचे टोक असते आणि रंगीत वलये दोन्ही टोकांना वेढून मधोमध आवळलेल्या फासासारखी दिसतात. दोन पट्ट्यांतील अंतरावरून प्रकाशाक्षीय कोनाचा अंदाज करता येतो. मस्कोव्हाइट ह्या पांढऱ्या अभ्रकाचा पापुद्रा ह्या प्रयोगास फार सोयीचा असतो. कारण त्यातील दोन अक्षांचा दुभाजक पापुद्र्याला जवळजवळ लंब असल्याने काही कापकाम न करताही आकृती दिसते.

खडकांच्या सु. ०·०३ मिमी. जाडीच्या छेदांतील खनिजे ओळखताना ही कसोटी निर्णायक ठरते. महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणाऱ्या दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टातील प्लॅजिओक्लेज व ऑजाइट ही दोन्ही प्रमुख खनिजे द्विअक्षीय आहेत. ह्याच खडकांत ऑजाइटासारखे दिसणारे पिजनाइट हे खनिजही आढळते. ऑजाइटाचा प्रकाशाक्षीय कोन बहुधा ४०° हून अधिक, तर पिजनाइटाचा ०° ते ३०° च्या दरम्यान असतो. दोहोंतील कॅल्शियमाचे प्रमाण भिन्न असल्याने शिलारस कसा थिजत गेला, ह्याचा मागोवा घेण्यास हा फरक उपयोगी पडतो. पुणे, नासिक, जळगाव इ. जिल्ह्यांत बेसाल्टातील पोकळ्यांमध्ये स्फटिक एकत्र आढळतात. त्यांपैकी स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट व स्कोलेसाइट ही झिओलाइटे, तसेच पुण्याजवळील वाघोली येथील निळ्या रंगाचे कॅव्हन्साइट ही द्विअक्षीय आहेत. त्यांच्या सोबतीचे ॲपोफिलाइट व कॅल्साइट ही एकाक्षीय आहेत.

रत्नपरीक्षेतही ह्या भेदाला व्यावहारिक मोल आहे. पिवळ्या रंगाचे क्वॉर्ट्‌झ पुष्कळदा पुष्कराज म्हणून विकले जाते आणि पिवळ्या नीलालाही, म्हणजे कुरुविंदालाही, बाजारात पुष्कराजच म्हणतात. ह्या तिघांपैकी खरा पुष्कराज तेवढा द्विअक्षीय असतो. प्रणमनांकमापकावर खडा फिरवीत दोन सीमारेषांचे निरीक्षण केल्यास द्विअक्षीय खड्यात सर्वसाधारणपणे दोन्ही रेषा सरकतात, तर एकाक्षीय खड्यात एक स्थिर राहते. खड्याला इजा न करता हा निर्णय करता येतो. अर्थात त्याच्या जोडीला प्रणमनांकाचे मूल्य (पुष्कराज सु. १·६२, क्वॉर्ट्‌झ सु. १·५५, कुरुविंद सु. १·७७) पाहणे आवश्यक असते, कारण द्विअक्षीय खनिजे अनेक आहेत.

ही कसोटी वापरताना सावधगिरी बाळगावी लागते. बायोटाइट हे काळे अभ्रक द्विअक्षीय असले, तरी त्याचा प्रकाशाक्षीय कोन कित्येकदा इतका लहान असतो, की ते एकाक्षीय भासते. उलट भूकवचातील हालचालींमुळे ताण बसलेले क्वॉर्ट्‌झ एकाक्षीय असूनही किंचित द्विअक्षीय दिसते. शिवाय प्रकाशाक्षीय कोन तापमान व प्रकाशाचा रंग ह्यांनुसार बदलतो. जिप्सम तापविल्यास त्याचे दोन अक्ष जवळ येऊ लागतात, सु. ९०° से. ला एकमेकांत मिळतात व त्यापुढे पहिल्या प्रतलाशी लंब असलेल्या प्रतलात पुन्हा अलग होतात. ब्रुकाइट ह्या खनिजाचे अक्ष तांबड्या प्रकाशात एका प्रतलात, तर निळ्या प्रकाशात त्याच्याशी लंब असलेल्या प्रतलात असतात व मधल्या एका तरंगलांबीला ते एकाक्षीय असते. म्हणून काटेकोर वर्णनात कोनाबरोबर तरंगलांबी व तापमान नमूद करतात.

अलीकडच्या काळात द्विअक्षीय स्फटिकांना तंत्रविद्येतही स्थान मिळाले आहे. पोटॅशियम टिटॅनिल फॉस्फेटाचे द्विअक्षीय स्फटिक लेसरच्या अदृश्य अवरक्त प्रकाशाचे हिरव्या प्रकाशात रूपांतर करण्यासाठी वापरतात. द्रव स्फटिकांच्या नेमॅटिक प्रकारातही द्विअक्षीय अवस्था शक्य असल्याचे भाकित १९७० मध्ये करण्यात आले व १९८० मध्ये विद्रावांपासून बनणाऱ्या द्रव स्फटिकांत ती आढळल्याचे जाहीर झाले.

यामिकी व अभियांत्रिकी : पदार्थाच्या एखाद्या बिंदूपाशी परस्परांशी लंब अशा तीन दिशा निवडता येतात, की ज्या दिशांना केवळ ताण किंवा दाब असतो. त्यांना मुख्य दिशा व त्या प्रतिबलांना मुख्य प्रतिबले म्हणतात. तीनपैकी एकच प्रतिबल शून्येतर असेल, तर प्रतिबलस्थिती एकाक्षीय आणि दोन शून्येतर असतील, तर द्विअक्षीय होय. टांगलेल्या ओझ्याची तार हे पहिल्या प्रकाराचे, तर फुगा, ढोलाचे ताणलेले कातडे किंवा बाष्पित्राचे कवच ही दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे आहेत. येथे अक्ष म्हणजे ज्या दिशेने बल कार्य करते ती दिशा होय. एखादा गुणधर्म लोप पावण्याची दिशा नव्हे.

पातळ भिंतीच्या दंडगोलाकृती बाष्पित्रात परिघाच्या दिशेने असलेला ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. १ मी. व्यासाच्या व १० मिमी. जाडीच्या कवचात दर चौ. मिमी.ला १ न्यूटन इतका दाब असल्यास परिघीय ताण दर चौ. मिमी.ला ५० न्यूटन, तर लांबीच्या दिशेचा ताण २५ न्यूटन येतो. ह्यामुळेच असे कवच किंवा पाण्याचा नळ फुटतो तेव्हा चीर लांबीच्या दिशेने पडते. तितक्याच व्यासाच्या व जाडीच्या गोलाकार टाकीत दोन्ही दिशांना सारखाच, म्हणजे २५ न्यूटन, ताण असतो.

द्विअक्षीय स्थितीत एका दिशेचा ताण दुसऱ्या दिशेची लांबी कमी करू पाहतो. म्हणून एकाच दिशेची विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बदल) मोजून तिला यंग गुणांकाने गुणले, तर त्या दिशेचे खरे प्रतिबल मिळत नाही. पोलादाचे प्वासाँ गुणोत्तर ०·३ धरल्यास वरील दंडगोलाच्या लांबीच्या दिशेत अशा रीतीने १० न्यूटन एवढेच प्रतिबल निघेल. प्रत्यक्षात ते २५ आहे. स्थिती द्विअक्षीय आहे हे ओळखून दोन्ही दिशांच्या विकृती मोजल्या, तरच योग्य उत्तर येते. अशा ठिकाणी विशेषण विसरणे म्हणजे धोका निम्म्याहून कमी लेखणे होय.

द्विअक्षीय भार एकाक्षीय भारापेक्षा नेहमीच अधिक घातक असतो असेही नाही. दोन्ही प्रतिबले एकाच प्रकारची आहेत की एक ताण व दुसरा दाब आहे, ह्यावर परिणाम अवलंबून असतो. तन्य धातूंसाठी रिखार्ट फोन मीझेस (१८८३–१९५३) यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या निकषानुसार ५० व २५ न्यूटन असे दोन ताण एकत्र असल्यास त्यांचा परिणाम सु. ४३ न्यूटन एवढ्या एकाक्षीय ताणाइतका असतो. परंतु ५० न्यूटनांचा ताण व तितकाच दाब परस्परांशी लंब असल्यास तो सु. ८७ न्यूटन ताणाएवढा होतो. ही दुसरी स्थिती म्हणजेच शुद्ध कर्तरी प्रतिबल होय. खडू पिळून मोडल्यास तो अक्षाशी ४५° चा कोन करणाऱ्या मळसूत्राकार पृष्ठावर मोडतो, तो ह्या स्थितीतील ताणामुळेच. काँक्रीटवर दोन दिशांनी सारखा दाब दिल्यास त्याचे बल एकाक्षीय बलापेक्षा सु. १६ टक्क्यांनी वाढते, हे १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आले. एका दिशेस दाब व दुसरीस ताण असल्यास मात्र ते घटते.

स्थापत्य अभियांत्रिकीत ‘द्विअक्षीय नमन’ असाही प्रयोग आहे. त्यातील अक्षाचा अर्थ पुन्हा वेगळा आहे. इमारतीच्या कोपऱ्यावरील स्तंभाला दोन बाजूंनी तुळया येऊन मिळत असल्याने तो त्याच्या छेदाच्या दोन्ही अक्षांभोवती वाकू पाहतो. येथे अक्ष म्हणजे ज्याभोवती वाकण्याची क्रिया घडते ती रेषा. अशा स्तंभाच्या प्रत्येक बिंदूपाशी नमनाने निर्माण होणारे प्रतिबल मात्र स्तंभाच्या लांबीच्या एकाच दिशेत, म्हणजे एकाक्षीय, असते. म्हणून द्विअक्षीय नमन व द्विअक्षीय प्रतिबल ह्या संज्ञा समानार्थी मानता येत नाहीत. प्रबलित काँक्रीटच्या अभिकल्पासाठीच्या भारतीय मानक ४५६ च्या १९७८ व २००० च्या आवृत्त्यांत ह्यासाठी एक सूत्र दिले आहे. त्यानुसार प्रत्येक अक्षाभोवतीच्या नमन परिबलाचे त्या अक्षापुरत्या क्षमतेशी असलेले गुणोत्तर काढून, त्यास १ ते २ मधील घातांक लावून, दोन्हींची बेरीज १ पेक्षा अधिक होऊ द्यावयाची नसते. अक्षीय भार कमी असताना घातांक १ असतो. दोन्ही अक्षांभोवती क्षमतेच्या ६०% नमन असलेला स्तंभ एकेका अक्षापुरता तपासल्यास सुरक्षित भासतो. पण बेरीज १·२ येत असल्याने तो प्रत्यक्षात असुरक्षित ठरतो.

इतर शास्त्रे : बहुवारिकांच्या तंत्रविद्येत पातळ पटल लांबी व रुंदी ह्या दोन्ही दिशांना ताणून त्यातील दीर्घ रेणुशृंखला पटलाच्या प्रतलात पसरविण्याच्या क्रियेस द्विअक्षीय दिशायोजन म्हणतात. एकाच दिशेने ताणलेले पटल त्या दिशेला बळकट असले, तरी आडवे सहज फाटते. द्विअक्षीय पटल दोन्ही दिशांना टिकते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनांसाठी पॉलिप्रोपिलीन व पॉलिएस्टर ह्यांची अशी पटले मोठ्या प्रमाणावर वापरतात.

शारीरात सांध्यांचे वर्गीकरण हालचालींच्या अक्षांवरून करतात. कोपराचा बिजागरीसारखा सांधा एकाक्षीय, तर खांद्याचा उखळीचा सांधा बहुअक्षीय असतो. मनगटाचा सांधा द्विअक्षीय असून तो पुढे-मागे व दोन्ही बाजूंना वळू शकतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेला खोगिरासारखा सांधाही ह्याच वर्गात मोडतो. अंगठा इतर बोटांसमोर आणता येतो तो प्रामुख्याने ह्या सांध्यामुळे, व म्हणून वस्तू पकडण्याच्या क्रियेत त्याला असाधारण महत्त्व आहे.

भूगणितात पृथ्वीच्या आकारासाठी वापरण्यात येणाऱ्या, विवृत्ताच्या परिभ्रमणाने बनणाऱ्या विवृत्ताभाला द्विअक्षीय म्हणतात. कारण त्याच्या अक्षांची मापे दोनच असतात. पृथ्वीच्या बाबतीत विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८·१३७ किमी. व ध्रुवीय त्रिज्या सु. ६,३५६·७५२ किमी. मानतात. तिन्ही अक्ष असमान असल्यास विवृत्ताभ त्रिअक्षीय ठरतो.

अर्थांमधील परस्परसंबंध : वरील अर्थ शेजारी ठेवल्यास त्यांतील विसंगती स्पष्ट होते. एकाक्षीय स्फटिकाच्या प्रणमनांकांचा विवृत्ताभ हा भूगणिताच्या परिभाषेत द्विअक्षीय असतो आणि द्विअक्षीय स्फटिकाचा विवृत्ताभ त्रिअक्षीय असतो. आकृती तीच, परंतु एका शास्त्रात निरनिराळ्या मापांची, तर दुसऱ्यात वर्तुळाकार छेदांच्या लंबांची गणना केली जाते.

काचेच्या बाबतीत हा भेद व्यवहारातही जाणवतो. ताणरहित काच समदिक् असते. तिच्यावर बल लावल्यास तिच्यात दुहेरी प्रणमन उत्पन्न होते. एकाच दिशेने ताणलेली काच एकाक्षीय स्फटिकासारखी वागते. दोन दिशांना असमान ताण असल्यास ती द्विअक्षीय स्फटिकासारखी वागते. परंतु दोन्ही दिशांचा ताण समसमान असल्यास, प्रतिबलस्थिती द्विअक्षीय असूनही काच प्रकाशाच्या दृष्टीने एकाक्षीय बनते व तिचा प्रकाशीय अक्ष काचेच्या पृष्ठाला लंब असतो. अशा काचेतून ध्रुवित प्रकाश समोरून पाहिल्यास तो अक्षाच्या दिशेनेच जात असल्याने प्रतिबलाची कोणतीही खूण दिसत नाही. मोटारीच्या खिडक्यांसाठी वापरण्यात येणाऱ्या कठिनीकृत काचेच्या पृष्ठभागी कडांपासून दूर जवळजवळ अशीच स्थिती असते. तेथे दोन्ही दिशांना सारखा दाब असतो. समोरून केलेल्या परीक्षणावरून काच प्रतिबलरहित आहे असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते. तिचे प्रतिबल कडेच्या बाजूने किंवा तिरप्या प्रकाशात तपासावे लागते.

वापराविषयी संकेत : शास्त्रीय लेखनात ‘द्विअक्षीय’ हे विशेषण एकटे न वापरता त्याच्यासोबत अक्ष ज्याचे आहेत त्या गोष्टीचा उल्लेख करणे इष्ट असते, उदा., ‘प्रकाशतः द्विअक्षीय स्फटिक’, ‘द्विअक्षीय प्रतिबलस्थिती’, ‘द्विअक्षीय नमन’, ‘द्विअक्षीय सांधा’. ‘द्विअक्षीय पदार्थ’ असा मोघम प्रयोग खनिजविज्ञानाबाहेर टाळणे योग्य. ‘द्विमितीय’ (लांबी व रुंदी अशा दोनच मिती असलेला) हा शब्दही त्याला पर्याय म्हणून वापरता येत नाही. कारण द्विअक्षीय स्फटिक किंवा द्विअक्षीय नमन होणारा स्तंभ ह्या त्रिमितीय वस्तू आहेत. तसेच ‘द्विध्रुवीय’ हा शब्द विरुद्ध स्वरूपाच्या दोन ध्रुवांचा वाचक आहे; द्विअक्षीय वस्तूच्या दोन अक्षांत असा विरोध अभिप्रेत नसतो.